घरी नेलेली स्वप्नं

स्वप्न सांगून झालं की तुळजा मिस एकच प्रश्न विचारायच्या, "हे मी घरी नेऊ का?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळा वर्ग हसला. मिसही हसल्या, पण उत्तराची वाट बघत थांबल्या. जिनं स्वप्न सांगितलं होतं ती लाजून म्हणाली, "न्या, मिस." मग त्यांनी मान हलवली, खडू उचलला आणि फळ्याकडे वळल्या. उरलेल्या स्वयंपाकातून डबा भरून घेण्याआधी शेजारीण विचारते ना, तसा तो प्रश्न होता. आम्हाला वाटलं, ही त्यांची विनोद करायची पद्धत असेल. एवढ्या मोठ्या बाई स्वप्नं घरी नेऊन करणार तरी काय?

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बेंगळुरात, शिवाजीनगरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आमचं मुलींचं पीयूसी कॉलेज होतं. पीयूसी म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी. सकाळचा पहिला तास मानसशास्त्राचा असे. त्या वेळी बेंगळुरात सकाळी चांगलाच गारठा असायचा. आम्ही स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून, अर्धवट झोपेत बाकांवर येऊन बसायचो. मिस यायच्या त्या आमच्याहून झोपाळलेल्या दिसायच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, जाड भिंगांचा चष्मा, अंबाड्यात अबोलीचा तुकडा. त्या छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवत आणि खिडकी उघडत. बाहेरच्या मोठ्या झाडाची पानं तोवर मिटलेलीच असायची, ती हळूहळू उघडताना दिसायची. मिस थोडा वेळ तिकडे बघत राहायच्या आणि मग वर्गाकडे वळून विचारायच्या, "हं, आज कुणाला काय पडलं?"

शिकवणं इंग्रजीत चाले, मधूनमधून कन्नड. पण स्वप्न ज्या भाषेत पडलं त्या भाषेत सांगायची मुभा होती. नसीमा माझ्या शेजारी बसायची, ती दखनी उर्दूत सांगायची. तिचे वारलेले आजोबा भर बाजारात बर्फ विकायला बसले होते आणि बर्फाच्या लादीत मोगऱ्याची फुलं गोठलेली होती. लोक फुलांचा भाव विचारत होते आणि आजोबा म्हणत होते, फुलं विकायची नाहीत, फक्त बर्फ. सांगताना नसीमाचे डोळे भरून आले. मागून कुणीतरी विचारलं, "मिस, याचा अर्थ काय?"

"अर्थ?" मिसनी चष्मा काढून पदराला पुसला. "आधी पूर्ण ऐकलंस का? बर्फ वितळत होता की नव्हता, ते विचारलंस? आजोबांनी हिला ओळखलं का, ते विचारलंस?"

ते कुणीच विचारलं नव्हतं. मग मिसनी विचारलं. नसीमा बोलत राहिली आणि बोलता बोलता तिचा चेहरा निवळत गेला. अर्थ शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही. "हे मी घरी नेऊ का?" मिस म्हणाल्या. नसीमानं होकार दिला.

यात तासाचा मोठा भाग जायचा. पोर्शन कधीच वेळेत संपत नसे. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मिस घाईघाईनं नोट्स सांगत सुटायच्या आणि आम्ही बोटं दुखेपर्यंत लिहीत बसायचो. हजेरी घ्यायला तर त्या हमखास विसरायच्या. चांगल्या शिक्षिकेचे जे गुण प्राचार्यांना हवे असतात, त्यांतले फार थोडे त्यांच्यात होते.

त्या वर्गात मी आले होते ती हरून. माझे बाबा सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात इंजिनियर होते. मी लहान असताना त्यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून बेंगळुरात, बनशंकरीला राहायला आलो. बाबांनी हातानं काढलेल्या सरळ रेघेला पट्टी लावून बघावी, तसूभर फरक निघायचा नाही. माझे दहावीचे गुण चांगले होते, त्यामुळे मी सायन्सला जाणार यावर घरात चर्चाच झाली नाही. मला विषय समजायचे. घरी गणितंही सुटायची. पण परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती आली की काहीतरी व्हायचं. प्रश्न ओळखीचा असायचा, उत्तर डोळ्यांसमोर असायचं आणि हात चालायचा नाही. एक संपूर्ण पेपर मी नाव आणि नंबर लिहून तसाच दिला. वर्षाच्या शेवटी मी नापास झाले आणि आईनं मध्ये पडून मला आर्ट्सला घातलं. बाबा ओरडले नाहीत. ते फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. "शुभा, भाजी वाढ," "शुभा, दार लाव," इतकंच. ती शांतता घरभर ओल्या कपड्यांच्या वासासारखी पसरून राहिली होती.

मिसना मी मराठी आहे हे हजेरीपटावरून कळलं असावं. एक दिवस जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "काय ग, बेळगावची का तू?"

"नाही मिस, पुण्याची."

"अय्यो, मग माझी मराठी ऐकून हसशील. हस की. आमचे पूर्वज कधीतरी घोड्यावर बसून इथं आले आणि परत जायचं विसरले. त्यांनी आणलेली मराठी तीच चालवतोय आम्ही, स्वल्प कन्नड घालून."

मला हसू आलं नाही. त्या जिन्यात, त्या परक्या कॉलेजात, ती मोडकीतोडकी गोड मराठी ऐकून मला वाटलं, कुणीतरी आतून दिवा लावला.

मग मीही एकदा स्वप्न सांगितलं. मी एका जिन्यावरून खाली उतरते आहे. जिना पाण्यात आहे, हिरवट, स्वच्छ पाण्यात, पण श्वास घेता येतोय. खाली, अगदी तळाशी, आमचं पुण्याचं स्वयंपाकघर आहे. आई पाटावर बसली आहे आणि पाण्यात गॅस पेटलेला आहे. त्याची निळी ज्योत पाण्याबरोबर हलते आहे, पण विझत नाही. त्यावर दूध ठेवलेलं आहे. बाबा दारात उभे आहेत आणि काहीतरी बोलत आहेत, पण त्यांच्या तोंडातून नुसते बुडबुडे वर जात आहेत.

 मिसनी विचारलं, "दूध उतू गेलं?"

"माहीत नाही, मिस. त्याआधीच जाग आली."

"सरी, ठीक. हे मी घरी नेऊ?"

मी हो म्हटलं.

मिसना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. मनोविकारांचा धडा झाला होता आणि नवं खेळणं मिळाल्यासारखी आम्ही त्यातली नावं एकमेकींना चिकटवत सुटलो होतो. ही अशी वागते म्हणजे हिला अमुक आहे, ती तशी बसते म्हणजे तिला तमुक आहे. मिस दारात येऊन उभ्या राहिल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी हातातली पुस्तकं टेबलावर आदळली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की पुढच्या बाकालाही कान द्यावा लागला. "धड्यातली नावं धड्यात ठेवायची. ती कपाळावर लावायची टिकली नव्हे." त्या दिवशी त्यांनी स्वप्नं विचारली नाहीत. खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि आम्ही आपापले पाठ वाचत बसलो.

वर्गाइतकाच वेळ मिस प्रॅक्टिकलच्या खोलीत घालवायच्या. ती कॉलेजच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथं जुनी बाकं ठेवत. छतात एक काच बसवलेली होती. तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरायचा आणि दुपार होईल तसा टेबलावरून सरकत जायचा. कपाटात थोडकी साधनं होती. शब्द एकामागून एक दाखवणारा फिरता डबा, लाकडी चक्रव्यूह, स्टॉपवॉच आणि मिसचं आवडतं, आरशात बघून चित्र गिरवण्याचं साधन. दोघींनी जोडीनं काम करायचं. एक प्रयोग करणारी, दुसरी जिच्यावर प्रयोग व्हायचा ती, म्हणजे 'सब्जेक्ट'. वेळ मोजायची, चुका मोजायच्या, तक्ता भरायचा. आणि शेवटी सब्जेक्टला विचारायचं, करताना तुला काय काय वाटलं, आपल्या शब्दांत सांग. बहुतेक कॉलेजांत हा भाग पुस्तकातून उतरवून काढत. मिस तो उतरवू देत नसत. "आकडा खरा असतो ग, पण अर्धाच. उरलेला अर्धा तिच्या तोंडून यायचा असतो. नीट विचार आणि गप्प बस."

पहिल्या वर्षाच्या मध्यावर बाबा कॉलेजात आले. मला न सांगता. कारखान्यातून अर्धी रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कॉम्प्युटर क्लासचं माहितीपत्रक घेऊन. त्या दिवसांत बेंगळुरात गल्लोगल्ली असले क्लास निघत होते. मी प्रॅक्टिकलच्या खोलीत तक्ता आखत होते आणि दारात बाबा उभे राहिलेले दिसले. 

"नमस्कार मॅडम. मी शुभाचे वडील," बाबा म्हणाले. "थोडं बोलायचं होतं."

"या की, बसा की," मिस मराठीत म्हणाल्या. बाबा जरा चमकले, मग सावरून बसले.

"स्पष्टच विचारतो. मुलगी हुशार आहे. एक वर्ष वाया गेलं, ठीक आहे. पण हे मन वगैरे शिकून पुढे काय? नोकरी कुठं मिळते?"

मिसनी प्रामाणिकपणे विचार केला. "नोकरीचं मला फारसं ठाऊक नाही, साहेब. मला एक मिळाली, एवढंच सांगू शकते."

बाबांनी माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. "मला वाटतं तिचं नाव इथून काढून..."

"बोलू या," मिस म्हणाल्या. "पण आत्ता प्रॅक्टिकलची वेळ आहे आणि हिची जोडीदारीण आज आलेली नाही. तेवढं तिच्या जागी बसता का? थोडाच वेळ. मग तुम्ही म्हणाल ते बोलू."

बाबांना नाही म्हणता आलं नाही. शिक्षकांना नाही म्हणायची त्यांच्या पिढीला सवयच नव्हती. मिसनी फळी त्यांच्यासमोर ठेवली. फळीवर दुहेरी रेघांनी काढलेली चांदणी, मध्ये पेन्सिल जाईल एवढी वाट. वर आडवा पत्रा, म्हणजे आपला हात आणि कागद दिसू नये. समोर उभा आरसा. आरशात बघत त्या वाटेतून चांदणी गिरवायची, रेघेला न शिवता. बाबांनी एकदा बघितलं आणि त्यांच्या ओठांवर किंचित हसू आलं. ज्यांनी आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढले त्यांना ही चांदणी म्हणजे काय!

मी स्टॉपवॉच दाबलं.

पहिली रेघ बरी गेली. कोपरा आला आणि पेन्सिल उलट दिशेला निघाली. बाबांनी ती मागे आणली, ती आणखी भलतीकडे गेली. वर न्यायची म्हटली की खाली येई. खाली न्यायची म्हटली की तिथंच थरथरत उभी राही. कागद खरवडल्याचा आवाज येऊ लागला. बाबांच्या कपाळावर घाम आला. "हा आरसा सदोष आहे," ते म्हणाले.

"होय. सगळे असंच म्हणतात," मिस कपाट आवरत म्हणाल्या.

शेवटी चांदणी पूर्ण झाली. तिला चांदणी म्हणणं जड होतं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आपला उजवा हात असा पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मी वेळ लिहिली, चुका लिहिल्या. आता पुढचा प्रश्न विचारायचा होता. मी तक्त्यातली रेघ पुन्हा गिरवत बसले. मिस पाठमोऱ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "विचार की."

"करताना तुम्हाला काय वाटलं," मी म्हटलं, "ते तुमच्या शब्दांत सांगा."

बाबांना असा प्रश्न मी जन्मात विचारला नव्हता. बहुधा कुणीच विचारला नसावा. ते आरशाकडे बघत राहिले. उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेशी आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. मी गप्प बसले.

"राग आला," बाबा म्हणाले. मग थांबून, "नाही. आधी लाज वाटली. वाट समोर दिसत होती. कुठं जायचं ते कळत होतं. तरी हात ऐकत नव्हता. आणि तू घड्याळ धरून उभी, त्यामुळे आणखीच..."

ते मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं असेल कोण जाणे.

"परीक्षेत तुला असं व्हायचं का?"

मी मान हलवली. 

"मग सांगितलं का नाहीस?"

कपाटाजवळून मिसचा आवाज आला, अगदी सौम्य. "विचारलं होतं का, साहेब?"

बाबांनी पेन्सिल फळीच्या कडेला समांतर लावून ठेवली. थोड्या वेळानं उठले, मिसना नमस्कार केला आणि माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं. माझं नाव काढण्याचा विषय कुणीच पुन्हा काढला नाही. आम्ही दोघं शिवाजीनगरच्या बस स्टँडकडे चालत निघालो. दुकानांतून निघणाऱ्या अत्तराच्या आणि भाजलेल्या मांसाच्या वासातून, हातगाड्यांच्या मधून वाट काढत.  स्टँडच्या तोंडाशी आल्यावर बाबा म्हणाले, "पण एक सांग. वर नेताना पेन्सिल खाली का येत होती? डावी-उजवी बरोबर जात होती, घोळ फक्त वर-खालीचा. म्हणजे नेमकं काय होतं?"

मी सांगायला लागले. डोळा एक सांगतो, हाताला जुनी सवय दुसरं सांगते, आणि मेंदूला दोघांची समजूत घालावी लागते. बाबा इंजिनियरसारखे प्रश्न विचारत होते. बनशंकरीची बस आली, भरून गेली, मग दुसरी आली. आम्ही सांगत आणि ऐकत तिथंच उभे होतो.

मिसच्या घरी मी गेले ते दुसऱ्या वर्षी. शिवाजीनगरच्या एका अरुंद रस्त्यावर त्यांच्या भावाचं बटणं, लेस आणि दोरे विकण्याचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर सगळे राहत. मिसनी लग्न केलं नव्हतं. "चल ग, कॉफी पिऊन जा. तुला कुणाला तरी भेटवायचं आहे," त्या म्हणाल्या. जिना चढताना त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "माझी धाकटी बहीण आहे, पद्मा. ती बोलत नाही फारशी. तू आपली बस. काही विचारू नको."

गॅलरीत एक बाई बसल्या होत्या. मिससारखाच गोल चेहरा, पण निस्तेज, आणि केस आखूड कापलेले. समोर परातीत मिसळलेली बटणं. त्या एकेक उचलून रंगाप्रमाणे वाट्यांत टाकत होत्या. पिवळं पिवळ्यात, शिंपल्याचं शिंपल्याच्यात. रस्त्यावरचा गोंगाट खालून वर येत होता, पण त्यांच्यापर्यंत पोचत नसल्यासारखा.

"पद्मा," मिस शेजारी बसत म्हणाल्या, "ही शुभा. माझ्या वर्गातली."

पद्मक्कांचे हात थांबले नाहीत. मिस तशाच सुरात पुढे म्हणाल्या, "ती जिन्याची. पाण्यातल्या."

हात थांबले. पद्मक्कांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे फार सुंदर होते, लहान मुलीसारखे. फार दिवस न वापरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पाण्यात गॅस पेटला तो हिच्या घरी?"

"होय," मिस म्हणाल्या.

"दूध?"

 मिस माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या खाली रस्त्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "उतू नाही गेलं."

पद्मक्कांनी समाधानानं मान हलवली आणि पुन्हा बटणं वेचू लागल्या.

नंतर आत कॉफी पिताना मिसनी थोडंसं सांगितलं. पद्मा कॉलेजात असताना तिला आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी देवळं केली, दर्गा केला, अंगारे-धुपारे केले. दवाखान्यात नेईपर्यंत बराच काळ गेला. मिस तेव्हा दुसरंच काही शिकत होत्या. ते सोडून त्यांनी हा विषय घेतला. "मला वाटायचं, सगळी पुस्तकं वाचली की हिचा हात धरून परत आणीन."

"मग?"

"मग काय? औषधांनी ती शांत झाली. झोपते, जेवते. पण बोलणं गेलं. पेपर वाचून दाखवला तर घाबरायची, सगळं आपल्याबद्दलच लिहिलंय म्हणायची. कशी आहेस विचारलं तरी घाबरायची. एकदा वर्गातल्या एका मुलीनं स्वप्न सांगितलं होतं, ते मी जेवताना सहज सांगितलं. हिनं घास तोंडात तसाच धरून ऐकलं. स्वप्नात हिला कुणी काही मागत नाही ना. आणि हिची भीती जागेपणीची आहे ग, ती संपतच नाही. तुमची स्वप्नं कशी, उजाडलं की संपली. ते तिला आवडतं."

मला एकाएकी त्या गारठलेल्या सकाळी आठवल्या. आम्ही अर्धवट झोपेत काहीबाही सांगत होतो, आणि मिस एकेक प्रश्न विचारून ते पूर्ण करून घेत होत्या. बर्फ वितळला का, आजोबांनी ओळखलं का. संध्याकाळी पद्मक्का विचारणार, म्हणून. नसीमाचे आजोबा, माझी आई, कुणाची उडणारी बकरी, कुणाची कधी न संपणारी गल्ली, सगळे त्या गॅलरीत येऊन गेले होते.

त्यानंतर मी अधूनमधून तिथं जायची. पद्मक्का माझ्याशी दोन-चार शब्दांपलीकडे कधी बोलल्या नाहीत. मी बटणं वेचायला बसायची, इतकंच. गडद निळं आणि काळं यांत मी फसायची. त्या न बोलता माझं चुकलेलं बटण उचलून योग्य वाटीत ठेवायच्या.

पीयूसी झाली, मी बीएला गेले, मग एमएला. बाबा लोकांना सांगू लागले, "आमची मुलगी सायकॉलॉजी करते," आणि पुढे त्या आरशाच्या प्रयोगाचं साग्रसंगीत वर्णन करायचे. आपल्या चुका थोड्या कमी करून सांगायचे. दरम्यान आमच्या कॉलेजात मानसशास्त्राला मुली येईनाशा झाल्या. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. एका वर्षी तो विषय बंद झाला आणि प्रॅक्टिकलच्या खोलीत कॉम्प्युटर आले. मिसना ग्रंथालयात बसवलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे की. मुली येतात, पुस्तक मागतात, कुणीकुणी थांबून बोलते. पोर्शन संपवायचा त्रास गेला."

त्यानंतर मी एका रुग्णालयात समुपदेशनाचं काम शिकू लागले आणि जाणं-येणं कमी झालं. एक दिवस नसीमा तिथं शोधत आली. ती अजून शिवाजीनगरातच राहत होती. म्हणाली, पद्मक्का गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

मी दुपारी पोचले. दुकान बंद होतं. मिस आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि बोलू लागले. नुकतंच शिकलेलं सगळं माझ्यापाशी तयार होतं. दुःखाला वेळ द्यावा लागतो, तुम्ही तिच्यासाठी किती केलंत, आता स्वतःकडे बघा. मी सावकाश, नीट आवाज ठेवून बोलत होते.

मिसनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शुभा," त्या म्हणाल्या, "आत्ता तू डॉक्टरीण नको होऊ. नुसती बस की ग."

मी गप्प झाले. बसले. मिस मध्येच म्हणाल्या, "शेवटी शेवटी ती कॉफी मागायची. तोंडानं मागायची." मग बऱ्याच वेळानं, "तिचा हात फार मऊ होता." वाक्य पुरं झालं की नाही कळलं नाही, कारण त्यांची मान कलली आणि त्या झोपी गेल्या. किती रात्रींची ती झोप होती. चष्मा नाकावरून घसरला होता. मी तो अलगद काढून घेतला. चष्म्याशिवाय त्या पद्मक्कांसारख्याच दिसत होत्या.

भेटायला लोक येत होते. जिन्यावर पावलं वाजली की मी उठून दाराशी जायची आणि बोट ओठांवर ठेवायची. "मिस झोपल्यात," मी कुजबुजायची. लोक मान हलवून, चपला हातात घेऊन खाली उतरायचे. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं, मग पिवळं झालं, मग गेलं. मी काही केलं नाही. काही बोलले नाही. पण त्या दुपारी मी माझं काम शिकले असं मला अजूनही वाटतं.

दिवेलागणीला मिस जाग्या झाल्या. आधी त्यांना काही उमजेना, मग सगळं आठवलं, आणि ते आठवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चष्मा मी त्यांच्या हातात दिला.

"अजून आहेस?" त्या म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील ग. ऊठ."

मी नको नको म्हणत असताना त्या माझ्याबरोबर जिना उतरून रस्त्यावर आल्या. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढे भावानं दुकान काढून टाकलं, ते सगळे धारवाडला गेले, आणि काही वर्षांनी मिस तिथंच वारल्याचं कळलं. पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एक ऑटो थांबवली, मला आत बसवलं, आणि वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "स्वल्प निधानवागि होगप्पा." जरा सावकाश ने रे बाबा.

"सरी, अक्का," तो म्हणाला.

आणि त्यानं खरंच सावकाश नेली. मागून हॉर्न वाजत होते, स्कूटर खेटून पुढे निघत होत्या, पण तो आपला हळूहळू चालला होता. मी मागच्या चौकोनी खिडकीतून बघत होते. बंद दुकानाच्या पायरीवर मिस उभ्या होत्या. हात वर केलेला, पण हलवायचं विसरलेला. शिवाजीनगरच्या त्या गर्दीत माणूस क्षणात दिसेनासा होतो. मिस मात्र मला खूप वेळ दिसत राहिल्या.